बोरोमिरला मोह झालाच नव्हता

लोथलॉरिएनच्या वनात आठ थकलेले प्रवासी येऊन पोचतात. वनाची स्वामिनी गॅलाड्रिएल त्यांची विचारपूस करते आणि मग काहीही न बोलता एकेकाच्या डोळ्यांत बघत राहते. बहुतेकांची नजर खाली जाते. रात्री मुक्कामाला पडल्या पडल्या गप्पा सुरू होतात तेव्हा कळतं, की त्या नजरेनं प्रत्येकाला काहीतरी विचारलं होतं. पुढे अंधार आहे. तो नाद सोड, तुला जे मनापासून हवं आहे ते घे आणि मागे फिर. सॅम नावाचा माळी लाजून लाल झालेला असतो. सोबती चिडवतात तेव्हा तो सांगून टाकतो: अंगावर चिंधीसुद्धा नाही असं वाटत होतं, आणि ती जणू विचारत होती की गावाकडे एक छोटंसं घर आणि स्वतःची म्हणून थोडीशी बाग मिळाली तर काय करशील?

बोरोमिरची गोष्ट वेगळी. तो गोंडोरच्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा, शूर आणि दिलदार. तो म्हणतो, असेलही परीक्षा; पण मला विचाराल तर ही बाई आम्हाला भुलवतच होती. मी ऐकून घेतलं नाही हे वेगळं सांगायला नको. मिनास तिरिथची माणसं शब्दाला जागतात. तिनं काय देऊ केलं होतं, ते मात्र तो सांगत नाही.

तो खोटं बोलत नाहीये, आणि म्हणूनच हा प्रसंग मला भयंकर वाटतो. आपल्याला मोह झालाच नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. काही आठवड्यांनी अँडुइन नदीच्या काठावर हाच माणूस सोबत्यांपैकीच एकाच्या, फ्रोडोच्या, अंगावर धावून जाणार आहे, आणि आपण काय केलं हे ठेच लागून पडल्यावर, डोळ्यांत पाणी आल्यावर त्याला कळणार आहे.

ज्यांनी टॉल्किनचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात एवढंच: साउरॉन या काळ्या सत्ताधीशानं घडवलेली एक अंगठी आहे. ज्याच्या हाती ती जाईल त्याला त्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे सामर्थ्य मिळतं, आणि मग ती त्यालाच गिळते. जिथं ती घडली त्याच ज्वालामुखीत टाकून ती नष्ट करायची आहे, आणि हे काम सॅमचा धनी फ्रोडो याच्यावर आलं आहे; दोघंही हॉबिट, म्हणजे ठेंगण्या लोकांतले. १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेल्या या कादंबरीचा सांगाडा इतका साधा आहे. पण ही अंगठी एका बाबतीत फार हुशार आहे: ती कुणालाही परकी वस्तू देऊ करत नाही.

आपल्याकडे मोह म्हटलं की षड्रिपू आठवतात. काम, क्रोध, लोभ आणि त्यांची भावंडं. विश्वामित्रासमोर मेनका येते ती बाहेरून, इंद्रानं पाठवलेली. कठोपनिषदात यम नचिकेताला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, रथात बसलेल्या अप्सरा देऊ करतो आणि तो मुलगा म्हणतो, तुमचं तुम्हालाच असू द्या. मला नचिकेता फार आवडतो. पण यमाची ती यादी कुणासमोरही ठेवता आली असती. तिच्यात नचिकेताच्या स्वभावातलं असं काहीच नव्हतं. टॉल्किनची अंगठी असले हत्ती-घोडे मांडत बसत नाही. ती माणसाच्या दुर्गुणांच्या वाटेलाही फारशी जात नाही. त्याच्यात जे सगळ्यांत चांगलं आहे ते ती शोधते, आणि तिथूनच आत शिरते.

हे कादंबरीत सगळ्यांत आधी सांगतो जादूगार गॅन्डाल्फ. अंगठीचं खरं स्वरूप कळल्यावर घाबरलेला फ्रोडो ती त्याला देऊ पाहतो: तुम्ही शहाणे आहात, समर्थ आहात, तुम्हीच घ्या. म्हातारा ताडकन उभा राहतो. मला मोहात पाडू नकोस म्हणतो. कारण सांगतो ते असं, की माझ्या मनात शिरायची तिची वाट दयेची आहे; दुबळ्यांची कीव आणि त्यांचं भलं करण्यासाठी ताकद हवी ही इच्छा. वापरायची नाही, नुसती सांभाळून ठेवायची, एवढ्यासाठीसुद्धा तो तिला जवळ करायला तयार नाही. स्वतःच्या दयाळूपणाबद्दल इतकं रोखठोक बोलणारा दुसरा साधुपुरुष मला चटकन आठवत नाही. आपल्याकडची साधुमंडळी आपल्या वासनांबद्दल भरभरून बोलतात, आपल्या करुणेवर संशय घेणारे थोडे.

१९६३ साली एका वाचक बाईंना लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात टॉल्किन या विचाराचं टोक गाठतो. अंगठीचा धनी झालेला गॅन्डाल्फ हा साउरॉनपेक्षाही वाईट ठरला असता, असं तो म्हणतो. कारण तो शेवटपर्यंत चांगलाच राहिला असता. आपल्या शहाणपणाप्रमाणे लोकांचं भलं करत राहिला असता. साउरॉनच्या राज्यात निदान वाईट हे वाईट म्हणून ओळखू तरी येतं. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं, त्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

गॅलाड्रिएलचं प्रकरण आणखी खोल आहे. फ्रोडो तिलाही अंगठी देऊ करतो, तेही स्वतःहून. ती हसते. आणि मग कबूल करते की ही वस्तू हाती आली तर आपण काय करू, याचा विचार ती कितीतरी वर्षं करत आली आहे. त्यानंतर क्षणभर ती फ्रोडोसमोर वाढत जाते: उंच, भीषण, असह्य सुंदर, जिच्यावर सगळे प्रेम करतील आणि जिला पाहून हताश होतील अशी सम्राज्ञी. मग ते तेज मावळतं आणि समोर उरते पांढऱ्या साध्या वस्त्रातली एक सडपातळ बाई. मी उत्तीर्ण झाले, म्हणते. मी लहान होईन, पश्चिमेला निघून जाईन आणि गॅलाड्रिएलच राहीन.

या नकाराची किंमत लक्षात घेतली पाहिजे. अंगठी नष्ट झाली की गॅलाड्रिएलच्या स्वतःच्या अंगठीचंही बळ जाणार, आणि त्या बळावर राखलेलं लोथलॉरिएन विरून जाणार. जे तिनं युगानुयुगं जपलं, तेच ती सोडते आहे. साउरॉनसारखं जग तुडवावं अशी तिची इच्छा कधीच नव्हती. सुंदर गोष्टी आहेत तशा राहाव्यात, एवढंच तिला हवं होतं. अंगठीला तेवढं पुरलं असतं.

एकदा बोलता बोलता मी ही गोष्ट माझ्या मावशीला सांगितली. तिचा कल्पितकथांशी काही संबंध नाही. ती म्हणाली, ‘‘अगं, एवढी वर्षं विचार करत होती म्हणजे तिला हवीच होती की ती! म्हणून तर नाही म्हणता आलं.’’ मला वाटतं, गॅलाड्रिएलवर लिहिलेल्या कित्येक पानांपेक्षा हे जास्त नेमकं आहे. जिनं आपली हाव आधीच मनात उलगडून, पालथी घालून, तिच्या शेवटापर्यंत जाऊन पाहिली होती, तिला आयत्या वेळी नवं काही दिसलं नाही. बोरोमिरनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

मावशीला हे कुठून सुचलं याचाही मला अंदाज आहे. गल्लीतल्या बायकांची भिशी होती, आणि पैसे मावशीकडे ठेवावेत असा सगळ्यांचा आग्रह. तिच्याइतकी विश्वासू दुसरी कोण? तिनं कधी घेतले नाहीत. चोरीची भीती का, असं विचारलं तर म्हणे, ‘‘छे गं. दारात कुणी रडत आलं ना, की मी देऊन टाकीन. माझे नसले तरी.’’

तर सॅम.

गॅलाड्रिएलच्या आरशात सॅमला आपलं गाव उद्ध्वस्त होताना दिसतं. झाडं तोडली जात आहेत, म्हातारा बाप हातगाडीवर चार चीजवस्तू टाकून निघाला आहे. तिनं अंगठी नाकारल्यावर हाच भोळा माणूस तिला म्हणतो, घेतली असतीत तर बरं झालं असतं, तुम्ही सगळं जागच्या जागी आणलं असतंत. ती म्हणते, आणलं असतं. सुरुवात तशीच झाली असती. पण ते तेवढ्यावर थांबलं नसतं.

पुढे मॉर्डोरच्या उंबरठ्यावर, फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असताना, तीच अंगठी सॅमच्या गळ्यात येते. आणि ती त्याला काय दाखवते? सॅमवाइज महाबली, हातात ज्वालांची तलवार, मागे सेना, साउरॉनचा बुरूज कोसळतो आहे. हा भाग ठरावीक साच्याचा आहे, कुणालाही दाखवता आला असता. पण त्यानंतर ढग सरतात, ऊन पडतं, आणि त्याच्या एका आज्ञेसरशी मॉर्डोरचं राखेचं पठार फुलाफळांनी बहरून येतं. माळ्याला अख्खा देश बाग म्हणून मिळतो. हे चित्र फक्त सॅमसाठीच काढलेलं आहे.

सॅम वाचतो तो दोन गोष्टींमुळे, असं टॉल्किन सांगतो: धन्यावरची माया आणि हॉबिटांची रोकडी अक्कल. एवढं ओझं आपल्याला पेलणारं नाही हे त्याला ठाऊक आहे. स्वतःच्या हातांनी कसायची लहानशी बाग हवी. दुसऱ्यांच्या हातांवर हुकूम चालवून राज्याएवढी फुगवलेली नको. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, जी टॉल्किन तिथे बोलून दाखवत नाही. बागेची ती इच्छा सॅमनं आधीच चारचौघांत, लाजत का होईना, कबूल केलेली होती. अंगठीनं तीच फुगवून पुढे केली तेव्हा, ही तर आपलीच, फक्त मापात नाही, हे त्याला ओळखता आलं. आपल्या खऱ्या इच्छेचं माप ज्याला माहीत आहे, त्याला फुगवलेलं माप खपवणं कठीण जातं.

तरीही सॅम सुटला असं म्हणायला टॉल्किन तयार नाही. फ्रोडोची सुटका केल्यावर अंगठी परत देताना सॅम किंचित घुटमळतो. आणि ते घुटमळणं कसल्या रूपात येतं? काळजीच्या. फार जड झालीय ती आता, थोडा वेळ मी घेऊ का? फ्रोडो ती हिसकावून घेतो, त्याला चोर म्हणतो, आणि लगेच शरमतो. सॅमच्या मनात कपट नाही. कपट लागतच नाही, एवढंच.

बोरोमिरचा धाकटा भाऊ फारामिर मात्र अंगठीबद्दल नीट काही कळण्याआधीच सांगून टाकतो, की ही वस्तू हमरस्त्यावर पडलेली सापडली तरी मी उचलणार नाही. माझं नगर कोसळत असलं आणि मी एकटाच ते वाचवू शकत असलो, तरीही नाही. मग सॅमच्या तोंडून चुकून सगळं बाहेर पडतं. फारामिर उभा राहतो, डोळे चमकतात, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि तो खाली बसून हसतो. काही संकटं अशी असतात की त्यांच्यापासून पळ काढावा, एवढं त्याला कळतं. पीटर जॅक्सनच्या २००२ च्या चित्रपटात हाच फारामिर अंगठीवाल्या फ्रोडोला पकडून नेतो आणि नंतर त्याचं मन पालटतं. अंगठी इतकी बलाढ्य असेल तर कुणी तिला सहज नाही कसं म्हणेल, असा पटकथा लिहिणाऱ्यांचा युक्तिवाद होता. चित्रपट म्हणून तो मला समजतो. पण पटत नाही. सहज म्हटलेल्या नकारामागे किती वर्षांची तयारी असते हे पडद्यावर दाखवता येत नाही, म्हणून ती नसतेच असं धरून चालायचं का?

उर्सुला ले ग्विनचा गेड हा याच्या अगदी उलट वाटेनं येतो. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये तो तरुण, तल्लख आणि अहंकारी जादूगार आहे. डिवचलं की पेटतो. लहानपणी सेरेट नावाच्या मुलीनं डिवचलं म्हणून गुरूच्या पोथीतला नको तो मंत्र वाचतो; पुढे शाळेत एका श्रीमंत सोबत्यानं डिवचलं म्हणून मेलेल्या आत्म्याला बोलावतो, आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात येते जी त्याच्या मागे लागते. तिचं नाव कळलं तर ती ताब्यात येईल. पेंडोर बेटावरचा म्हातारा ड्रॅगन तेच नाव त्याला देऊ करतो. गेड मात्र आला आहे तो शेजारच्या बेटांवरच्या कोळ्यांना ड्रॅगनांपासून वाचवायला. ड्रॅगनचं खरं नाव त्यानं जुन्या बखरींतून हुडकून ठेवलेलं आहे, आणि ते तो एकदाच वापरू शकतो: स्वतःसाठी किंवा त्या लोकांसाठी. तो लोकांसाठी वापरतो. पुढे एका किल्ल्यात टेरेनॉन नावाच्या प्राचीन शिळेसमोर सुंदर स्त्री झालेली तीच सेरेट त्याला म्हणते, या शिळेला विचार, ती नाव सांगेल. तो शिळेला बोटही लावत नाही. ही तीच मुलगी हे त्याला नंतर, तिथून पळून जाताना कळतं. पण आपल्याला कुठे टोचलं की आपण उडी मारतो, ते आता ओळखीचं झालेलं आहे. शेवटी जगाच्या कडेला, भर समुद्रात, तो त्या सावलीला नाव देतो. स्वतःचंच.

सी. एस. लुइसच्या नार्नियात मोहाची सगळ्यांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे एडमंडनं खाल्लेली टर्किश डिलाइट. ते पुस्तक १९५० चं, आणि ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. त्या मुलांना एडमंड चांगलाच समजला असणार. पण मला लुइस गाठतो तो ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) मध्ये. डिगरीची आई मरणाला टेकलेली आहे आणि त्याच्या हातात जीवदान देणारं सफरचंद आहे, जे त्यानं दुसऱ्याला नेऊन देण्याचं वचन दिलंय. चेटकीण म्हणते, सरळ घरी जा, आईला दे. वचन मोडायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं? डिगरी जवळजवळ ढळतो. त्याला सावरतो तो चेटकिणीचाच एक फाजील शब्द. ती सुचवते, सोबत आलेल्या त्या पोरीला, पॉलीला, इथेच टाकून जा की. त्या क्षुद्रपणासरशी तिचं आधीचं सगळं गोड बोलणं खोटं वाजू लागतं. लुइसची स्वतःची आई १९०८ मध्ये कर्करोगानं गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. म्हणजे हे प्रकरण लिहिणाऱ्यानं तो मोह नुसता कल्पिलेला नव्हता.

स्वतःला ओळखलं की काम झालं, असं मात्र कुणी समजू नये. हॅरी पॉटरच्या गोष्टीतला डम्बलडोर याची आठवण करून देतो. तरुणपणी सत्तेचं स्वप्न पाहताना त्यानं काय गमावलं ते त्याला ठाऊक आहे, म्हणून मंत्रिपद देऊ केलं तरी तो शाळा सोडत नाही. सत्तेच्या बाबतीत आपण भरवशाचे नाही हे तो जाणून आहे. दाराला भक्कम कडी. आणि मग म्हातारपणी हाती येते मेलेल्यांची भेट घडवणारा खडा बसवलेली अंगठी. तो विसरतो की ती शापित आहे, आणि बोटात घालतो, कारण त्याला आईवडिलांची आणि धाकट्या बहिणीची माफी मागायची असते. हात जळून काळा पडतो. कडी घातलेली होती ती वेगळ्या दाराला.

आणि फ्रोडो? स्वतःला फसवणं त्याला फारसं कधी जमलं नाही. आपण खचत चाललोय हे तो पावलोपावली जाणतो, सॅमला सांगतो. तरीही ज्वालामुखीच्या कड्यावर, जिथं फक्त हात उघडायचा उरला होता, तिथं तो अंगठी आपलीच म्हणतो आणि बोटात घालतो. अंगठीचा जुना मालक गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसह खाली कोसळतो म्हणून जग वाचतं. तोच गॉलम, ज्याला फ्रोडोनं दया येऊन जिवंत सोडलं होतं. या फ्रोडोचा सन्मान कसला करता, त्याला देशद्रोही म्हणून मृत्युदंडच द्यायला हवा होता, असं एका वाचकानं टॉल्किनला संतापून कळवलं होतं.

टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होता. पळ काढला, भेकडपणा केला अशा आरोपांवरून ब्रिटिश लष्करानं त्या महायुद्धात गोळ्या घातलेल्या सैनिकांपैकी ३०६ जणांना सरकारनं मरणोत्तर माफी दिली ती २००६ मध्ये. टॉल्किननं पन्नास वर्षं आधीच आपला निकाल लिहून ठेवला होता. तुरुंगांतून मोडून बाहेर येणाऱ्या, छळणाऱ्यांचंच कौतुक करणाऱ्या कैद्यांची उपमा देऊन १९५६ च्या एका पत्रात तो म्हणतो, की अशा माणसांना तोलायचं ते कुठल्या इराद्यानं ते त्या गुहेत शिरले यावरून. अशक्य अशा निश्चयाची मागणी त्यांच्याकडे करू नये. फ्रोडो तिथवर पोचला होता, ते तिथं हरण्यासाठी नव्हे.

सगळ्यांत मिश्किल नमुना ठरतो तो फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणारा म्हातारा बिल्बो. आपल्या हातानं अंगठी मागे ठेवून निघून जाणारा पहिला माणूस म्हणजे तो, आणि तेही गॅन्डाल्फनं दटावल्यावर. अंगठीचं पाकीट घड्याळाशेजारी ठेवताना त्याचा हात मागे येतो, पाकीट खाली पडतं, गॅन्डाल्फ झटकन उचलतो. बिल्बोच्या चेहऱ्यावर राग उमटतो आणि मग हसू. पुढे सगळं संपल्यावर, अंगठी वितळून गेल्यावर, फ्रोडो आणि सॅम त्याला रिव्हेंडेलमध्ये भेटतात. पेंगुळलेला बिल्बो विचारतो, तू नेलेल्या माझ्या त्या अंगठीचं काय झालं रे? फ्रोडो सांगतो, गेली ती. म्हातारा हळहळतो, पुन्हा एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. मग स्वतःशीच चपापतो: काय मी वेडा, तू तर तिचा निकाल लावायलाच गेला होतास ना! फार गोंधळ होतो बुवा, इतक्या भानगडी एकात एक मिसळल्यात. आणि मान वळवून सॅमला विचारतो, ते हत्ती म्हणतात ते, तू खरंच पाहिलास का रे एखादा?